चौकीला रात्री कुलूप : आपल्या बाजारगावांना चोवीस तास पोलीस कसे मिळतील?

पायथ्याचा_मेडिकलवाला (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आमचं बाजारगाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता सोडून आत. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मला कुणा एका साहेबाची तक्रार करायची नाही. आजूबाजूच्या वीसेक गावांचा आणि पाड्यांचा बाजार आमच्याकडे भरतो. बँक आहे, कापसाचे व्यापारी आहेत, आश्रमशाळा आहे, आरोग्य केंद्र आहे. पोलीस दूरक्षेत्रही आहे, त्याला आम्ही सगळे चौकीच म्हणतो. ठाणं तीस किलोमीटरवर.

गेल्या महिन्यात रात्री दीडच्या सुमाराला खाली कुत्री फार भुंकायला लागली म्हणून मी गॅलरीत आलो. चौकीच्या पायरीवर एक बाई बसलेली दिसली. मांडीवर एक लेकरू, दुसरं शेजारी. कपाळ फुटलेलं. नवऱ्याने पिऊन मारलं, म्हणून पाड्यावरून चार किलोमीटर अंधारात चालत आली होती. वाटेत नातेवाइकांची दोन घरं लागतात, तिथे ती थांबली नाही. चौकीचा निळा-लाल फलक तिने बाजाराला येता-जाता पाहिलेला. तिला वाटलं, तिथे कुणीतरी असणारच.

दाराला कुलूप होतं. भिंतीवर रंगवलेला नंबर जुन्या लँडलाइनचा, तो कधीच बंद झाला. माझी आई खाली उतरली आणि तिला म्हणाली, "रातले आठे कोनी ऱ्हास नही माय, तू घरमा ये" (रात्री इथे कुणी नसतं, तू घरात ये). मी मलमपट्टी केली आणि ११२ हा पोलिसांचा आपत्कालीन नंबर लावला. फोन लगेच उचलला गेला, माणूस नीट मराठीत बोलला, गावाची खूण विचारली. पाच-सात मिनिटांत गाडीवरच्या हवालदारांचाच फोन आला, "आम्ही हायवेला आहोत, ट्रक उलटलाय, दोन माणसं आत अडकलीत. इथून मोकळे झालो की निघतो." ते तीन वाजून दहा मिनिटांनी पोहोचले. वागले अगदी चांगले. बाईला आधी दवाखान्यात नेलं, मग जबाब घेतला.

मला त्या हवालदारांवर राग धरता आला नाही. ट्रकखालची माणसं सोडून त्यांनी यायला हवं होतं, असं कुठल्या तोंडाने म्हणू? पण त्या पायरीवर ती बाई कुलपाकडे पाहत बसली होती, ते डोळ्यांसमोरून जात नाही.

गावात आता दोन मतं आहेत. काही जण म्हणतात, चौकीचं पूर्ण पोलीस ठाणं करून घ्या. काही म्हणतात, आहे त्या चौकीत रात्री माणूस ठेवला तरी पुष्कळ. पुढच्या ग्रामसभेत ठराव करायचा आहे. जाणकारांनी सांगा, काय मागावं?

---

केळीबाग_रावेर

आमच्याकडेही हेच. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुलतभावाच्या बागेत एका रात्रीत घडावर आलेली केळीची खोडं कुणीतरी कापून टाकली. वर्षभराची मेहनत आणि सोसायटीचं कर्ज, दोन्ही एका रात्रीत आडवं. पहाटे चारला कळलं, पंचनामा दुपारी झाला. तोवर अख्खा गाव बागेतून फिरून गेला होता. पावलांचे ठसे राहिले ते फक्त बघ्यांचे.

विहिरीवरची केबल, ठिबकच्या नळ्या, मोटारी, सगळं रात्रीच जातं. चोराला माहीत असतं की गाडी आली तर डांबरी रस्त्यानेच येणार आणि तिचा दिवा दोन किलोमीटरवरून दिसतो. म्हणून मला चौकीत बसलेल्या माणसापेक्षा शिवारातून फिरणारा माणूस जास्त हवा.

---

खाकी_निवृत्त

मेडिकलवाले भाऊ, मी धुळे आणि नंदुरबार मिळून ३४ वर्षं नोकरी केली, त्यातली नऊ दूरक्षेत्रावर. आधी माणसांचा हिशेब सांगतो, मग काय मागायचं ते तुम्हीच ठरवा.

आठवड्याचे तास १६८. एका माणसाला आठ तासांची ड्युटी आणि एक साप्ताहिक सुटी दिली, तर तो ४८ तास देतो. म्हणजे एक खुर्ची चोवीस तास भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात. त्यात रजा, आजारपण, कोर्टाची तारीख, प्रशिक्षण धरा, साडेचार-पाच होतात. रात्री एकटा माणूस चौकीत ठेवू नये, हे मी अनुभवाने सांगतो. चौकीत एकटाच असला तर फोन आला की त्याला निघता येत नाही. निघाला तर मागे पुन्हा कुलूपच. दोघं हवेत, म्हणजे नऊ-दहा माणसं.

आणि बहुतेक दूरक्षेत्रांवर असतात किती? तीन-चार. त्यांनीच बीट फिरायचं, समन्स-वॉरंट बजवायचं, पासपोर्टची चौकशी करायची, कैदी कोर्टात न्यायचा. त्यात गणपती, दत्तजयंतीची सारंगखेड्याची यात्रा, होळीआधीचे भोंगऱ्याचे बाजार, काठी गावची होळी, निवडणूक. प्रत्येक बंदोबस्ताला पहिली माणसं उचलतात ती दूरक्षेत्रावरचीच. कुलूप लागतं ते असं. माणूस झोपा काढतो म्हणून लागत नाही.

महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम २८ प्रमाणे पोलीस हा नेहमीच ड्युटीवर असल्याचं मानतात. कागदावर आम्ही १९५१ पासून चोवीस तासच आहोत. पण जागं राहणं अंगाला झेपावं लागतं. मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तो एका शिपायानेच हिशेब मांडून सुचवला होता. २०२२ मध्ये महिला अंमलदारांसाठी राज्यभर आठ तासांचा आदेश निघाला. छोट्या ठाण्यात तो पाळायचा तर माणसं कुठून आणायची, हा प्रश्न प्रत्येक ठाणेदाराला पडला.

आता पूर्ण ठाण्याचं. त्याला नवी पदं मंजूर व्हावी लागतात, हद्द नव्याने आखावी लागते, गृह आणि वित्त या दोन्ही विभागांची मान्यता लागते. इमारत तर वेगळीच. अशी फाइल किती वर्षं फिरते ते मी पाहिलंय. मागा जरूर, पण तेवढंच मागून बसलात तर त्या पायरीवर आणखी दहा वर्षं कुलूप राहील.

---

रात्रपाळी_सिस्टर

मी ग्रामीण रुग्णालयात आहे. कुठल्या ते विचारू नका.

रात्री आमच्याकडे विष घेतलेला येतो, अपघात येतो, मारामारी येते. प्रत्येक केसची खबर पोलिसांना द्यावी लागते. ठाणं लांब असलं की कागद तसाच पडून राहतो. खरा त्रास मृत्यू झाला की. गेल्या पावसाळ्यात साप चावून एक पोरगा गेला, दहावीतला. अकस्मात मृत्यूची नोंद आणि पंचनामा झाल्याशिवाय शवविच्छेदन होत नाही. त्याचे आईवडील रात्री अकरापासून सकाळी नऊपर्यंत व्हरांड्यात फरशीवर बसून होते. सूर्यास्तानंतरही शवविच्छेदन करायला केंद्र सरकारने २०२१ मध्ये परवानगी दिलीय. पण त्यासाठी सोयी हव्यात, डॉक्टर हवेत, आणि पंचनाम्याला पोलीस तर हवाच हवा. साखळीतली एक कडी झोपली की बाकीच्या जाग्या असून उपयोग नाही.

दुसरं असं की आम्ही रात्री दोघी बायकाच असतो. दारू प्यालेला जमाव पेशंटबरोबर आत घुसतो. पोलीस जवळ असता तर एक फोन पुरला असता. आता आम्ही ड्रेसिंग रूमची कडी आतून लावून घेतो.

---

अहिराणी_भाऊ

सिस्टर, वाचीसन डोयामा पानी ऊनं. एवढंच लिहितो.

---

तोरणमाळ_वाट

मी धडगाव भागातल्या एका गावची पोलीस पाटील आहे, सहा वर्षं झाली. इथे सगळे ११२ बद्दल बोलतात. दादा, आमच्या पाड्यावर रेंजच नाही. फोन लावायचा तर वरच्या टेकाडावर जावं लागतं, पावसाळ्यात रात्री तेही जमत नाही. ११२ चा फोन नवी मुंबईला किंवा नागपूरला लागतो, तिथून जिल्ह्याला, तिथून गाडीला. व्यवस्था चांगली आहे, मी वापरली आहे. पण तिचं पहिलंच पाऊल रेंजवर पडतं.

रात्री दोनला आमच्याकडे पोलीस म्हणजे मी. १९६७ च्या ग्रामपोलीस कायद्याने माझ्यावर कामं टाकलीत : गुन्ह्याची खबर देणं, गुन्हा घडू न देणं, तपासाला मदत. अंगावर गणवेश नाही, हातात काठीही नाही. मानधन २०२४ मध्ये वाढवून १५,००० करायचं ठरलं, त्याआधी ते ६,५०० होतं.

डाकीण ठरवण्याचा प्रकार आमच्या भागात अजून संपलेला नाही. एखाद्या घरी लेकरू आजारी पडलं, की कुणीतरी बोट दाखवतो आणि रात्री माणसं जमतात. मागे एका म्हाताऱ्या बाईच्या दारात पंधरा-वीस जण उभे होते. मी तिच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हटलं, "सकाळपर्यंत मी इथून उठणार नाही." माझा मोठा मुलगा टेकाडावर जाऊन फोन लावत होता. गाडी आली उजाडताना. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, तो मी लोकांना वाचूनही दाखवते. पण त्या रात्री कायद्याच्या जागी मी एकटी बसले होते आणि माझे पाय थरथरत होते.

राईनपाडा कुणी विसरू नका. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा फोनवरून फिरली आणि नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठेचून मारलं. ते रात्री झालं नाही, भर बाजाराच्या दिवशी, उजेडात झालं. म्हणून मी फक्त रात्रीचं मागत नाही. बाजाराच्या दिवशीही बाजारात पोलीस उभा हवा.

---

वस्तीवरचा_मास्तर

सगळ्यांचं वाचलं. त्या बाईसाठी जीव तुटतो. तरी एक बाजू इथे कुणीच मांडली नाही, ती मांडतो.

मी पारधी वस्तीतला, शिकून शिक्षक झालो. आमच्याकडे रात्री पोलिसांची गाडी आली की कुणाला हायसं वाटत नाही. माझ्या लहानपणी लांबून दिवा दिसला की वडील आणि काका उसात पळायचे. काही केलेलं नसायचं. परिसरात कुठे चोरी झाली की पहिली झडती आमची, हे ठरलेलं. १८७१ च्या कायद्याने आम्हाला जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तो १९५२ मध्ये रद्द झाला, पण रात्रीची झडती काही त्याच्याबरोबर गेली नाही.

केळीबागवाले दादा, शिवारात फिरणारा माणूस हवा म्हणता. तुमचं नुकसान खरं आहे. पण तो फिरणारा माणूस फिरत फिरत कुणाच्या झोपडीशी थांबेल, तेही मनात आणा.

चोवीस तास पोलीस मागा. सोबत हेही मागा की चौकीत कॅमेरा चालू असेल. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवायला सांगितलंय, मग रात्रभर माणूस बसणाऱ्या चौकीत का नको? आणि रात्री कुणाला आणलं, कधी सोडलं, याची नोंद डायरीत हवीच.

---

केळीबाग_रावेर

मास्तर, तुमचं म्हणणं मनाला लागलं. माझ्या भावाच्या बागेच्या वेळीही पहिलं नाव गावाबाहेरच्या वस्तीचंच निघालं होतं. शेवटी कळलं, बांधाच्या भांडणातून शेजाऱ्यानेच खोडं कापली होती. त्या वस्तीवरच्या दोन पोरांना एक अख्खा दिवस बसवून ठेवलं होतं, आणि आम्ही कुणीच काही बोललो नाही. ते बोलायला हवं होतं. कॅमेऱ्याच्या मागणीला माझी सही धरा.

---

खाकी_निवृत्त

मास्तरांचं खरं आहे, नाकारत नाही. मी स्वतः अशा झडत्यांना गेलोय.

म्हणूनच मी सांगतो की चौकीवर त्याच भागातली, तिथली बोली येणारी माणसं हवीत. भिलोरी किंवा पावरी येणारा एक शिपाई असला की अर्धी भांडणं ओट्यावरच मिटतात. १८२५ मध्ये इंग्रज अधिकारी औट्रम याने धरणगावात खानदेश भिल्ल पथक उभं केलं, तेही याच विचाराने, की डोंगर ओळखणारा माणूसच डोंगरात उपयोगी पडतो.

---

वस्तीवरचा_मास्तर

अण्णा, ते पथक भिल्लांच्या रक्षणासाठी नव्हतं. भिल्लांचे उठाव भिल्लांच्याच हातून मोडण्यासाठी होतं. बोली येणारा माणूस हवा, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण तो कुणासाठी ती बोली बोलणार, हे आधी ठरलं पाहिजे. त्या रात्री आलेल्या बाईला तिच्या बोलीत "बस, पाणी पी" म्हणणारा हवा. बाईच असली तर फार बरं.

---

खाकी_निवृत्त

मान्य. माझं उदाहरण चुकलं.

---

वकील_तापीकाठ

कायद्याची बाजू थोडक्यात. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिचं कलम १७३ पाठ करून ठेवा. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, दखलपात्र (म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात असा) असेल तर कोणत्याही ठाण्याला माहिती नोंदवून घ्यावीच लागते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइनही माहिती देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. नोंदवलेल्या माहितीची प्रत फिर्यादीला मोफत मिळते. ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दखलपात्र गुन्ह्याची नोंद बंधनकारक ठरवली. नव्या संहितेत मात्र तीन वर्षं किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षकांच्या परवानगीने आधी चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते.

आता मेडिकलवाल्यांसाठी. दूरक्षेत्रावर सहसा जबाब घेतात आणि गुन्ह्याचा क्रमांक ठाण्यातून पडतो. म्हणजे रात्री चौकीत माणूस बसला, पण जबाब घेऊन ठाण्याला पाठवण्याचा अधिकार आणि साधन त्याच्याकडे नसलं, तर तो "सकाळी ठाण्याला जा" एवढंच सांगेल. मारहाण झालेल्या बाईला तीस किलोमीटर जा म्हणणं आणि कुलूप, यांत तिच्या दृष्टीने फरक काय? ठरावात माणसाबरोबर अधिकारही मागा. रात्री घेतलेला जबाब त्याच रात्री ठाण्याला जाईल, असं स्पष्ट शब्दांत.

मास्तरांच्या मुद्द्याला जोड : स्त्रीला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयापूर्वी अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने दंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घेऊनच. वस्तीतल्या बायकांना हे माहीत असू द्या.

---

क्वार्टर_नंबर_सहा

मी इथे कधी लिहीत नाही, आज लिहिते. माझे मिस्टर अशाच एका दूरक्षेत्रावर आहेत.

तुम्ही सगळे म्हणता रात्री माणूस हवा. हवाच. पण तो राहील कुठे? आम्ही गेलो तेव्हा चौकीमागच्या दोन खोल्यांचं छत गळत होतं, संडासला दार नव्हतं. दीड वर्ष काढलं. मग मुलीची शाळा आली आणि मी तालुक्याला भाड्याने खोली घेतली. आता ते रोज ये-जा करतात. रात्री कुलूप असतं, त्यातल्या एका कुलपाचं कारण मी आहे. हे लिहिताना मला वाईट वाटतंय.

आम्ही तिथे राहत होतो तेव्हा रात्री दार वाजलं की उघडलं जायचं, ड्युटी असो नसो. बाया माझ्याकडेच यायच्या आधी. मी चहा टाकायची आणि त्या चुलीपाशी बसून मला सगळं सांगायच्या, यांना सांगायला लाजायच्या. मी मग यांना सांगायची. असं दीड वर्ष मी फुकट पोलिसाचं काम केलं आणि मला ते आवडायचं.

राहायला धड घर द्या, आठवड्याची सुटी खरोखर द्या, माणसं राहतील. मी परत जाईन.

---

पायथ्याचा_मेडिकलवाला

वहिनी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, ग्रामपंचायतीची जुनी दोन खोल्यांची इमारत रिकामी पडलीय, ती दुरुस्त करून देता येईल. सरपंचांशी बोललो. ते तयार आहेत, पण वापराची परवानगी वरून लागेल.

सगळ्यांचं वाचून माझं मत बदललं, ते लिहितो. धागा काढला तेव्हा मनात पूर्ण ठाणंच होतं. ठाणं झालं की गावाला मान मिळतो, असंही कुठेतरी वाटत होतं. आता वाटतं, त्या बाईला ठाण्याची पाटी नको होती. तिला एक जागता माणूस हवा होता, ज्याला तिचं लिहून घेता येईल आणि जो सकाळी दुसऱ्याला जागा देऊन झोपू शकेल. ग्रामसभेसाठी हे लिहिलंय :

१. दूरक्षेत्रावर रात्री ८ ते सकाळी ८ किमान दोन अंमलदार कायमस्वरूपी असावेत, शक्यतो एक महिला, आणि एकाला तरी स्थानिक बोली यावी. बंदोबस्तासाठी दोघांनाही एकाच वेळी उचलू नये.

२. रात्री घेतलेला जबाब त्याच रात्री ठाण्याला पाठवावा आणि तिथे नोंद व्हावी.

३. निवासासाठी ग्रामपंचायत इमारत देईल. दुरुस्तीला जिल्हा नियोजन समितीकडे निधी मागावा.

४. कॅमेरा चालू असावा, रात्री आणलेल्या प्रत्येक माणसाची नोंद व्हावी.

५. बाजाराच्या दिवशी बाजारात अंमलदार असावा. रेंज नसलेल्या पाड्यांच्या पोलीस पाटलांना बिनतारी संच मिळावा.

६. भिंतीवरचा जुना नंबर पुसून चालू नंबर आणि ११२ रंगवावा. हे काम मी स्वतःच करतोय, रंग आणलाय.

---

तोरणमाळ_वाट

पाचवा मुद्दा घातलात, बरं वाटलं दादा. आमच्या ग्रामसभेतही हाच ठराव ठेवते. एक सुचवते : ती बाई आता कशी आहे, तिला पुन्हा त्याच घरी जावं लागलं का, याचीही चौकशी कुणीतरी करत राहावी. पहिल्यांदा येणं सोपं नसतं. दुसऱ्यांदा बाया येतच नाहीत.

---

पायथ्याचा_मेडिकलवाला

माहेरी आहे ताई, लेकरं बरोबर आहेत. आई दर बाजाराला तिच्या भावाला गाठून विचारते.

---

खाकी_निवृत्त

मसुदा चांगला झालाय. दोन दुरुस्त्या करा. पहिल्या मुद्द्यात 'कायमस्वरूपी' लिहिलंय, तिथे 'पाळीच्या बदलीसह' असं लिहा. नाहीतर आहे त्याच दोघांना रोज बारा-बारा तास बसवतील आणि महिन्याभरात दोघंही आजारी पडतील. दुसरं, बिनतारी संचाचा मुद्दा वेगळ्या अर्जात टाका. ते काम वेगळ्या शाखेकडे असतं, एकत्र राहिलं तर दोन्ही अडकतील. ठराव क्रमांक घालून मूळ प्रत पोलीस अधीक्षकांना आणि एक उपविभागीय पोलीस अधिकाऱ्यांना द्या. पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.

---

पायथ्याचा_मेडिकलवाला

दोन्ही बदल केले, अण्णा. ग्रामसभा गुरुवारी आहे. शुक्रवारी दुकान आईवर सोडून स्वतः घेऊन जातो. पोच मिळाली की इथे टाकतो.